धावदोरा

हॅटच्या माथ्यावर लाल नाडी धरून ताईंनी पहिला टाका घातला, आणि तो इतका लांब होता की समोर बसून शाळेच्या पँटींना दुमड घालणाऱ्या सुनेची मान आपोआप वर आली.

दुसरा टाका त्याहून लांब. तिसरा तर धावतच सुटला. शिंप्याच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. हा धावदोरा होता, कच्ची शिवण. कापड हलू नये म्हणून ती आधी घालायची आणि वरून पक्की टीप पडली की ओढून काढायची. गिऱ्हाइकाच्या हाती गेलेल्या कपड्यात धावदोऱ्याचा एक धागा जरी राहिला तरी दुकानाची अब्रू गेली, हे सुनेला ताईंनीच शिकवलं होतं. ती नवी नवरी असताना तिच्याकडून एका कोटाच्या कॉलरीत असा वीतभर दोरा राहिला होता, तर तो ताईंनी आठवडाभर दुकानातल्या आरशाला चिकटवून ठेवला होता.

आणि आज त्याच ताईंनी धावदोऱ्याच्या शेवटी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि सुई बाहीत खोचून टाकली.

"आई, वरची टीप राहिली," सून म्हणाली.

"राहू दे."

"अहो, सगळं वजन त्या नाडीवर येणार. छताला टांगायचीय ना ती?"

"म्हणूनच म्हणते, राहू दे."

ताईंचा भाऊ जाऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. अशा वेळी माणसाचं काही मनावर घ्यायचं नसतं असा विचार करून सुनेनं पुन्हा पँटींकडे मोर्चा वळवला. ताईंना तेच हवं होतं.

ही हॅट डोक्यावर घालायची नव्हती. रुंद काठाची, बसक्या माथ्याची, लाल बनातीची, आणि दोन्ही बाजूंनी लाल गोंड्यांचे घोस लोंबणारी अशी ही हॅट पूर्वी कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, झालेल्या माणसाला खुद्द पोप देत. आता ते चौकोनी लाल टोपी देतात आणि भागतं. पण इथल्या कथीड्रलनं, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चनं, आपली जुनी रीत सोडली नव्हती. कार्डिनल वारला की तशी हॅट करवून घ्यायची आणि त्याच्या थडग्याच्या बरोबर वर, छतापासून टांगायची. मग तिला कुणी हात लावायचा नाही. तिच्यावर धूळ बसते, तिला कसर लागते, दोरा कुजतो आणि एक दिवस ती आपोआप खाली पडते. पडली की समजायचं, त्या कार्डिनलचा आत्मा शुद्धिस्थानातून, म्हणजे स्वर्गाच्या दाराबाहेरच्या थांबायच्या जागेतून, आत गेला.

कथीड्रलच्या छताखाली अशा दोन जुन्या हॅटी आधीच लोंबत होत्या. त्यांतली एक इतक्या वर्षांपूर्वीची होती की तिचा लाल रंग उंदराच्या रंगावर गेला होता. ह्या महाराजांचं प्रकरण वर बरंच लांबलेलं दिसतं, असं लोक हळूच म्हणत. उलट एका गरीब स्वभावाच्या कार्डिनलांची हॅट पाचच वर्षांत पडली होती, तीही भर प्रवचनात, गायकवृंदातल्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर. डीन, म्हणजे कथीड्रलचे मुख्य फादर, नेहमी सांगत की ही लोकांची समजूत आहे, धर्म नव्हे. ताई मान डोलावत. डीन शिकलेले होते, त्यांना ठाऊक असणार. पण ह्या वेळी गेलेला कार्डिनल त्यांचा भाऊ नव्हता, ताईंचा होता.

ताईंचं गणित सरळ होतं. त्यांच्या हातची पक्की टीप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती घातली तर हॅट त्यांच्या हयातीत काय, सुनेच्या नातवंडांच्या हयातीतही खाली यायची नाही. तोवर भावानं दाराबाहेर ताटकळत उभं राहायचं, आणि तेही बहिणीच्या चांगल्या शिवणीपायी? धावदोरा दोन हिवाळे टिकला असता, फार तर तीन. तो आत गेलेला एकदा कळला की ताई डोळे मिटायला मोकळ्या. दोरा कच्चा घातल्यानं स्वर्गाचं दार लवकर कसं उघडेल, असं कुणी शहाणा विचारील. ताईंनी स्वतःलाही विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यांनी सुई ओवली.

कार्डिनल जगाला कार्डिनल असतील, ताईंचा तो बटण. त्यांच्याहून आठ वर्षांनी धाकटा. अगदी लहान असताना त्यानं वडिलांच्या ह्याच दुकानात बसून एका कोटाचं शिंगाचं बटण गिळलं, आणि नेमकं तसलं ते शेवटचंच उरलं होतं. दोन दिवस त्याच्यामागे भांडं घेऊन फिरायची कामगिरी ताईंवर आली. बटण मिळालं, धुऊन पुसून कोटाला लागलं, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं आणि पोराला नाव तेवढं चिकटलं. पुढे तो फादर व्हायला सेमिनरीत गेला. तिथला पहिला लांब काळा झगा, गळ्यापासून पायापर्यंत तेहतीस बटणांचा, ताईंनी शिवला. मापं घेताना वडील त्याला म्हणाले, बघ, तू एक गिळलंस, देवानं तेहतीस लावायला बसवलं.

तेव्हापासून भावाची सगळी चढण ताईंनी कापडावरून ओळखली. पहिली नेमणूक दगडखाणीच्या वस्तीतल्या चर्चमध्ये झाली तेव्हा झगा धुळीनं पांढरा होऊन परत यायचा, गुडघ्यांवर पार झिजलेला. प्रार्थनेनं झिजला, असं आई शेजारणींना सांगायची. ताईंनी उलटून पाहिलं तर झीज वेगळीच होती. पोरांबरोबर चेंडू खेळताना पडून फाटलेलं त्यानं स्वतःच ओबडधोबड रफू केलं होतं. पुढे तो बिशपांचा चिटणीस झाला आणि कोपरं झिजायला लागली. मग स्वतः बिशप झाला, जांभळा कमरपट्टा आला, आणि दर दोन वर्षांनी तो पट्टा चार बोटं लांब करावा लागू लागला. आर्चबिशप झाल्यावर बैठका इतक्या वाढल्या की झगा बसायच्या जागी चकाकायला लागला. पोर आता खूप वर पोचलं, हे ताईंनी त्या चकाकीवरून जाणलं, आणि त्यांना त्याची थोडी दयाही आली.

मग ते चर्चचं झालं. दुकानाच्या गल्लीच्या टोकाला एक बुटकं चर्च होतं. आईवडिलांचं लग्न तिथलं, बटणाचा बाप्तिस्मा तिथला, आणि आईवडिलांच्या शवपेट्याही तिथूनच निघालेल्या. छत गळायला लागलं, रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, चारदोन पिकलेली डोकी उरली, आणि एक दिवस आर्चबिशपांच्या, म्हणजे बटणाच्याच, सहीनं ते बंद झालं. गल्लीनं बरीच आदळआपट केली. ताईंनी त्याला घरी बोलावून एवढंच विचारलं, देवाचं घर म्हणजे दुकान आहे का, गिऱ्हाईक येत नाही म्हणून फळ्या लावायला? छताचा खर्च, फादरांची टंचाई, ओस पडलेल्या गल्ल्या, सांगण्यासारखी खरी कारणं त्याच्याकडे पुष्कळ होती. त्यानं त्यातलं एकही सांगितलं नाही. नुसता मान खाली घालून बसला, आणि ताईंना त्याचाच जास्त राग आला.

त्याच वर्षी पोपनं त्याला कार्डिनल केलं. बातमी आली त्या आठवड्यात तो स्वतः दुकानात आला, काखेत लाल कापडाचं पुडकं घेऊन, एखाद्या गिऱ्हाइकासारखा बाहेर पायपुसण्यावर बूट पुसून. पुडकं त्यानं टेबलावर ठेवलं. ताईंनी त्याची दोरीसुद्धा सोडली नाही.

"माझा हात कापतो रे आता," त्या म्हणाल्या. "तिकडेच कुठंतरी शिवून घे."

टेबलावर नुकतीच काजं पाडलेला एक कोट पडला होता. एकेक काज असं नेटकं की मापून घ्यावं. बटणानं त्या काजांकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. बरं, एवढंच म्हणून त्यानं पुडकं उचललं आणि तो गेला.

कार्डिनल होऊन परतल्यावर कथीड्रलमध्ये त्याचा मोठा सत्कार झाला. लाल झगा परक्या शहरातल्या बड्या दुकानातला होता, कापड उंची होतं, आणि उजवी बाही दोन बोटं लांब होती. ताई पहिल्या रांगेत होत्या. सारं कथीड्रल गात होतं आणि ताईंना ती बाही तेवढी दिसत होती. आशीर्वादाला हात उचलला की ती घसरून बोटांवर यायची आणि तो डाव्या हातानं ती मागे सारायचा. ताईंच्या डोळ्यांना धार लागली. बहिणीला आनंद आवरेना, असं मागच्या बायका एकमेकींना सांगत होत्या.

एकदा तरी म्हणायला हवं होतं, काढ तो झगा, बाही आत घेते. नाही म्हटलं. रक्ताचं नातं, ते काय तुटतं होय. हळूहळू येणंजाणं पहिल्यासारखं झालं. निवृत्त झाल्यावर तर तो दर सोमवारी जेवायला यायचा आणि जेवणानंतर दोघं पत्ते खेळायची. पत्त्यांत तो सर्रास लबाडी करी आणि पकडला गेला की साधूसारखा चेहरा करी. तो चेहरा करायची त्याला सवयच होती. पण त्या चर्चचं नाव दोघांनीही काढलं नाही, आणि बाहीचंही नाही. सत्कारातला तो झगा त्यानं त्याच लांब बाहीनिशी शेवटपर्यंत वापरला.

शेवटच्या दुखण्यात ताई रोज त्याच्या खोलीत जाऊन बसत. एक दुपार तो डोळे मिटून पडला होता, झोपलाय असं वाटून त्या उठायला गेल्या, तर तो म्हणाला,

"ताई, तुझ्याकडे एक लाल काम राहिलंय."

त्यांना कळलं.

"हात कापतो रे माझा," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी तो खरंच कापत होता.

"हॅटला चालतं. इतक्या उंचावर कोण बघायला येतंय?"

तर अशी ही हॅट. काठ, माथा, अस्तर, गोंडे, सगळं ताईंनी जन्मात केलं नसेल इतकं निगुतीनं केलं. फक्त नाडी तेवढी धावदोऱ्याची.

हॅट टांगायचं काम घंटेवाल्याकडे होतं. कथीड्रलच्या घंटा, दिवे, शिड्या, कप्प्या सगळं तोच बघायचा. दाराएवढा माणूस, आणि बोलणं असं की दिवसाचे शब्द ठरवून दिलेत आणि तेही वाचवतो. त्यानं ताईंच्या हातातून हॅट दोन्ही हातांवर घेतली आणि दोर लावायला म्हणून मागच्या खोलीत नेली. दार लावून घेतलं. नाडीत एक दोर ओवायला असा किती वेळ लागतो? ह्यानं नाडी ओढून बघितली तर सगळंच उघडं पडणार. पण तो बाहेर आला तो ताईंकडे न बघता. दोर कप्पीवर चढला, हॅट डुलत डुलत वर गेली, डीननी प्रार्थना म्हटली, आणि गोंड्यांचे घोस थडग्यावर हलत राहिले.

मग ताईंचं वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळची मिस्सा झाली की त्या थडग्यापाशी जाऊन मान वर करून उभ्या राहत. पहिला हिवाळा गेला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते, हॅट म्हणजे नुसता एक लाल डाग दिसायचा, पण डाग जागेवर आहे एवढं कळायला तेवढं पुरे होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, छोटंसं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. सून तर त्यांच्या मागेच लागली. ताईंनी दोघांना एकच उत्तर दिलं, थोड्या दिवसांसाठी कशाला नवे डोळे?

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना छातीचं दुखणं झालं. डॉक्टरांनी हात टेकले. डीन येऊन मरणाआधी लावायचं शेवटचं तेल लावून गेले. सुनेनं रडून घेतलं, परगावी असलेल्या नवऱ्याला बोलावून घेतलं. आठव्या दिवशी ताईंनी डोळे उघडले आणि विचारलं, हॅट पडली का? नाही म्हटल्यावर त्या उठून बसल्या आणि त्यांनी सूप मागितलं.

तिसरा हिवाळा आला आणि ताई घाबरायला लागल्या. धावदोरा एवढा टिकत नाही. हयातभर त्यांनी धावदोरे घातले होते आणि उसवले होते, त्यांना फसवणार कोण? दोऱ्यानं नाही, तर मग कशानं धरून ठेवलंय? कोण त्याला आत घेत नाही? विचार फिरून फिरून गल्लीच्या टोकाच्या त्या बुटक्या चर्चपाशी यायचा. त्याचा जाब विचारताहेत का त्याला? आणि तो तिथंही मान खाली घालून गप्पच बसलाय का? एक दिवस कथीड्रल रिकामं झाल्यावर त्या वर बघून मोठ्यानं बोलल्या.

"बटणा, माझा राग केव्हाच गेलाय रे. त्यांना सांग तसं. म्हणावं, ताईची काही तक्रार नाही."

बाजूला घंटेवाला दिव्यात तेल घालत होता. त्याच्या हातातली बुधली खाली पडली. ती न उचलताच तो घाईघाईनं मागच्या खोलीत गेला, आणि फरशीवरचं तेल पुसायला पुष्कळ वेळानं बाहेर आला.

त्यानंतर चारपाच दिवसांनी ताईंनी वर पाहिलं आणि बाकाची पाठ घट्ट धरली. डाग तिरपा झाला होता. रोज गोल दिसायचा, आज एका अंगाला कलंडला होता आणि त्याच्या वर काही तरी बारीकसं लोंबत होतं. त्यांनी डोळे पुसले, बारीक केले. नाडी. नाडी एका बाजूनं सुटली होती. म्हणजे धावदोरा गेला. मग हॅट वर कशी?

घंटेवाला समोरच होता. त्यानंही वर पाहिलं, आणि लगेच खाली.

"खाली घे ती," ताई म्हणाल्या.

"हात लावायचा नसतो, ताई. रीत आहे."

"मी शिवलीय ती. शिवण उसवली, दुरुस्तीला आलीय. दुरुस्तीच्या कपड्याला शिंप्यानं हात लावायचा नाही, तर कुणी लावायचा?"

त्यानं दाराकडे पाहिलं. डीन कुठं दिसत नव्हते. मग त्यानं भिंतीवरच्या खुंटीचा दोर सोडला आणि एकेक हात सैल करत हॅट खाली आणली.

ताईंनी बाकावर बसून ती मांडीवर घेतली. धूळ उडाली, शिंक आली. त्यांनी डोळ्यांवर भिस्त ठेवलीच नाही. बोटं माथ्यावरून फिरली, सुटलेल्या नाडीच्या टोकाशी गेली, तिथं आपल्याच लांब टाक्यांचे तुटलेले धागे लागले. तिथून बोटं अस्तराच्या आत शिरली आणि थबकली. आत तार होती. बारीक, पिवळ्या धातूची, माथ्यातून चार ठिकाणी आरपार घेतलेली आणि पिळून पिळून दोराला बांधलेली. घंटेचा लोलक बांधतात तशी. ही तार शंभर वर्षांत हलणार नव्हती.

"हे तू केलंस?"

त्यानं होकाराची मान डोलावली.

"कुणी सांगितलं?"

घंटेवाला बाकाच्या कडेवर बसला. बाक करकरला. ताकास तूर लागू न देणारा तो माणूस, पण तीन हिवाळे जे पोटात ठेवलं होतं ते आता त्याला आवरेना. कार्डिनल आजारी असताना त्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं, दार लावायला सांगितलं होतं आणि कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातली होती. त्या दिवशी ताई वर बघून जे बोलल्या, तेव्हापासून त्याला त्या शपथेपायी झोप नव्हती.

"म्हणाले, हॅट आमची ताई शिवणार. आणि नाडी ती धावदोऱ्यानं लावणार, बघशील तू. तू आपली तार घाल, घंटेला घालतोस तसली."

"का, ते नाही विचारलंस?"

"विचारलं." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "म्हणाले, हॅट पडेपर्यंत ताई काही जायची नाही. हट्टी आहे. मी थांबतो म्हणाले. मला तिकडे काय घाई आहे?"

हॅटच्या काठावरची धूळ ताई हातानं पुसत राहिल्या, एका बाजूनं सुरुवात करून पार दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांचे खांदे हलायला लागले. घंटेवाला घाबरून उठला, तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"पत्त्यांत असंच करायचा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातातली पानं आधी बघून ठेवायचा, लबाड."

घंटेवाल्याला बरं वाटलं. त्यानं हळूच विचारलं, पक्कड आणू का? तार कापायची म्हटली तर एका मिनिटाचं काम आहे.

ताईंनी सवयीनं बाहीत खोचलेली सुई काढली, खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं, आणि दोन्ही त्याच्यापुढे धरलं.

"ओवून दे. मला नेढं दिसत नाही."

एवढाल्या हातांत ती सुई कुठल्या कुठे गेली. त्यानं दोरा तोंडात धरून ओला केला, श्वास रोखला, चुकला, परत ओला केला. ताई मांडीवर हॅट घेऊन शांत बसल्या होत्या. अखेर दोरा गेला. ताईंनी तो दुहेरी करून गाठ मारली. आधी त्यांनी धावदोऱ्याचे उरलेसुरले तुकडे एकेक करून उपटून काढले आणि मुठीत घेतले. मग नाडी जागेवर बसवून त्यांनी शिवायला घेतलं. बारीक, शेजारी शेजारी, प्रत्येक टाका अर्धा मागे घेऊन. डोळ्यांची गरज नव्हती, एका टाक्याच्या टोकावरून बोट पुढच्याची जागा सांगत होतं. हात कापत नव्हता. शेवटी त्यांनी दोनदा गाठ मारली, नाडी मुठीत धरून जोरानं ओढून पाहिली, आणि हॅट त्याच्याकडे दिली.

"चढव वर."

"आणि तार?"

"राहू दे."

हॅट सरळ होऊन वर गेली. घंटेवाल्यानं दोर खुंटीला गुंडाळला. ताईंनी कपड्यांवरची धूळ झटकली आणि त्या निघाल्या.

दुकानात सून शाळेच्या पँटींचाच ढीग घेऊन बसली होती. नवं वर्ष, नवी पोरं, पँटी त्याच. ताईंनी मुठीतले लाल धागे कचऱ्याच्या डब्यात टाकले, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या,

"त्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे."

सुनेची मान वर आली.

"आता? कधीची घेऊ?"

"लवकरातली लवकर. रोज वर बघायचं, तर नीट दिसायला हवं."